घर घेताना वकील कसा शोधायचा? (पुणे, रीसेल फ्लॅट)

माणिकमोती

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे लातूरचे, आठ वर्षं पुण्यात भाड्याने राहतोय. आता कर्वेनगरात एक टू बीएचके आवडलाय. इमारत १९९१ ची, तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण उजेड भरपूर आणि मागच्या खिडकीत चिंचेचं झाड. ९२ लाखांवर बोलणी टेकलीयेत. विकणारे गृहस्थ साठीचे, ठाण्याला असतात. फ्लॅट त्यांच्या वडिलांनी घेतलेला, वडील गेल्यावर यांच्या नावावर झाला. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (सभासदाच्या हिश्शाचा दाखला) यांच्याच नावाचं आहे, मी स्वतः पाहिलंय.

एजंट म्हणतो, "मॅडम, वकिलाचं टेन्शन घेऊच नका. आपले वकील आहेत, दोन्ही पार्ट्यांचं तेच बघतात, मिळून १५ हजार. बाहेरचा वकील तीस घेईल आणि नुसत्या चुका काढत बसेल." परवापर्यंत ५१ हजार टोकन द्या म्हणून मागे लागलाय, कारण दुसरी पार्टी तयार आहे म्हणे.

सासरे म्हणतात, बँक कर्ज देतेय म्हणजे बँकेचा वकील कागद बघणारच, आणखी एक वकील कशाला पोसायचा? नवरा तटस्थ. (तो नेहमीच तटस्थ असतो.)

तर वेगळा वकील करावा का? आणि करायचा तर शोधायचा कुठे? ओळखीत एक मामा आहेत, पण ते लातूरला आणि फौजदारी बघतात.

जुनापुणेकर

टोकन देऊ नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

"दुसरी पार्टी" हा प्रकार मी १९८७ पासून ऐकतोय. अजून त्या पार्टीला भेटलेला माणूस मला भेटायचाय. आणि चुका काढत बसणं हेच वकिलाचं काम आहे, त्याचेच तर पैसे द्यायचे.

सासऱ्यांच्या मुद्द्याबद्दल. माझ्या धाकट्या भावाने असंच केलं होतं. बँकेच्या वकिलाने हिरवा कंदील दिला, कर्ज मिळालं, पेढे वाटले. पंधरा वर्षांनी फ्लॅट विकायला काढला तेव्हा गिऱ्हाइकाच्या वकिलाला दिसलं की मधला एक करारनामा नुसता स्टॅम्पपेपरवर होता, नोंदवलेलाच नव्हता. भाऊ बँकेत भांडायला गेला. त्यांनी शांतपणे सांगितलं, आमचं कर्ज फिटलं, आमची काही तक्रार नाही. वकिलाच्या तपासणीचे पैसे भावाच्या खात्यातून गेले होते आणि अहवालाची प्रत त्याने कधी डोळ्यांनीही पाहिली नव्हती. मधला मालक शोधून, हातापाया पडून सगळं निस्तरेपर्यंत पावणेदोन वर्षं गेली आणि ते गिऱ्हाईकही गेलं.

ढेपेवाडा

वकिलांचा बागुलबुवा उगाच करून ठेवलाय. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-शोध आहे, मिळकत क्रमांक टाका, सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश) उघडते. कोणी कोणाला केव्हा विकलं सगळं समोर. मी माझा फ्लॅट २०१८ मध्ये असाच घेतला. मसुदा मित्राच्या करारनाम्यावरून उचलला, नावं बदलली, काम झालं. आजतागायत कुणी दारात आलेलं नाही.

एक_काळा_कोट

ठाण्यात दिवाणी वकिली करतो, मिळकतीची कामं जास्त. पुण्यात काम करत नाही, त्यामुळे इथे गिऱ्हाईक शोधतोय असा संशय नको. तसंही बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला जाहिरातीची बंदी आहे (नियम ३६). म्हणून "पुण्यातले टॉप टेन प्रॉपर्टी लॉयर" अशी यादी दिसली की त्यातली नावं घेऊ नका एवढंच मी सांगतो. चांगला वकील तोंडी पत्त्यावरच सापडतो. ज्या भागात घर घेताय तिथल्या दोन-तीन सोसायट्यांच्या सेक्रेटरींना विचारा की तुमच्याकडे गेल्या दोन वर्षांत फ्लॅट विकले गेले, त्यात खरेदीदाराचा कुठला वकील तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास देऊन गेला? तोच गाठा.

दोन्ही बाजूंना एकच वकील, हे बोलायला गोड वाटतं. पण तुमच्या हिताचं जे, तेच विकणाऱ्याच्या अडचणीचं असू शकतं. ताबा आधी की पैसे आधी? कर्ज मंजूर नाही झालं तर टोकन परत मिळणार की बुडणार? वारसांची भानगड निघाली तर खर्च कुणी करायचा? या प्रत्येक ठिकाणी त्या वकिलाला एका बाजूला झुकावं लागेल. आणि त्याला वर्षाला वीस कामं तो एजंट देत असेल, तर तो कुठे झुकेल हे मी लिहायला नको.

पहिल्या भेटीत विचारायचं ते असं. सनद (वकिलीचा परवाना) कधीची आणि मिळकतीचं काम किती वर्षं? शोध कोण घेणार, तुम्ही की बाहेरचा कारकून, आणि किती वर्षांचा? ३० वर्षांचा शोध घ्यायची रीत आहे, १३ वर्षांत उरकतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. अहवाल लेखी देणार ना, माझ्या नावाने? फीमध्ये काय काय धरलंय: शोध, जाहीर नोटीस, मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी? आणि शेवटचा प्रश्न, जो कुणी विचारत नाही: हा एजंट किंवा विकणारा तुमच्या ओळखीचा आहे का?

ढेपेवाडा यांना: पुण्याचे त्या ई-शोधात मिळणारे दस्त २००२ पासूनचे. इमारत १९९१ ची आहे. मधली अकरा वर्षं दुय्यम निबंधकांच्या जुन्या दप्तरात आहेत आणि तिथे कुणीतरी जाऊन बसावं लागतं.

अवांतर: काही जण "सॉलिसिटर बघा" असा सल्ला देतात. मुंबईत बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची वेगळी परीक्षा देऊन सॉलिसिटर होता येतं आणि फोर्टातल्या जुन्या फर्म्समध्ये ती मंडळी असतात. कर्वेनगरच्या टू बीएचकेला साधा अनुभवी वकील पुरतो.

सिडकोकर

वकील स्थानिकच हवा, यावर माझा भर. आम्ही दादरहून वाशीला आलो तेव्हा दादरचेच घरोब्याचे वकील घेतले. हुशार माणूस, पण त्यांनी सोसायटीची ना-हरकत घेतली आणि झालं म्हणाले. इथे जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याने दिलेली. हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं, हे त्यांच्या गावी नव्हतं. विकणारा म्हणाला, शुल्काचं ठरलंच नव्हतं, मी का भरू? शेवटी निम्मं निम्मं केलं. म्हाडाच्या घरांचंही तेच, तिथे म्हाडाची परवानगी.

जुनापुणेकर

सिडकोकरांना दुजोरा. पुण्यात असं नसतं असं समजू नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्यानंतर पूरग्रस्तांना सरकारने सहकारनगर वगैरे भागांत जमिनी दिल्या, सोसायट्या झाल्या. त्या जमिनींना सरकारी अटी चिकटलेल्या होत्या. बाहेरून आलेल्या वकिलाला ती एक छान जुनी सोसायटी दिसते. पुण्यात मुरलेला वकील पत्ता ऐकूनच विचारतो, "पूरग्रस्तांची आहे का हो?" हे सॉफ्टवेअरात सापडत नाही.

मांडवीकाठ

हे वाचून राहवेना म्हणून लिहितेय. मी म्हापशाची. माझ्या पुण्यातल्या मावसभावाने निवृत्तीनंतर राहायला म्हणून बार्देशात जुनं घर घ्यायचं ठरवलं. वकील त्याचा नेहमीचा, पुण्याचा. मी म्हटलं, इथला एखादा बघ रे. तो म्हणाला, कायदा सगळीकडे एकच असतो.

इथे नसतो. गोव्यात लग्न झालं आणि आधी वेगळा करार केलेला नसला, की नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, पोर्तुगीज काळापासूनचं आहे ते. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी विकायला बायकोची सही लागतेच. विकणारा म्हापशाचा, त्याची बायको पोर्तुगालला, आणि दोघांचं काही वर्षांपासून बोलणं बंद. मावसभावाच्या वकिलाने एकट्या नवऱ्याच्या सहीचा करार केला, मोठी रक्कम देऊन टाकली. मग इथल्या निबंधकांकडे जायची वेळ आली तेव्हा सगळं अडलं.

त्यावर कडी म्हणजे घर अजून विकणाऱ्याच्या आजोबांच्या नावावर. एक-चौदाच्या उताऱ्यावर (तुमच्या सातबारासारखाच तो) काकाचंही नाव. आमच्याकडे वारसांचं निस्तरायला इन्व्हेंटरीचं, म्हणजे वारस आणि त्यांचे वाटे ठरवायचं, प्रकरण कोर्टात चालवावं लागतं. मागच्या बाजूला एक मुंडकाराचं (मालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याचं) घर होतं ते वेगळंच, त्याला स्वतःचे हक्क. पुण्याच्या वकिलाने "मुंडकार म्हणजे भाडेकरू ना?" असं विचारलं तेव्हा मी कपाळावर हात मारला.

पैसे परत मिळाले, पण सव्वा वर्षाने आणि बिनव्याजी. मावसभाऊ आता गोव्याला फक्त गणपतीत येतो.

लेस्टरवासी

इकडेही एजंटचा वकील हा प्रकार आहे, फक्त टाय लावून येतो. इंग्लंडमध्ये घराचं काम सॉलिसिटर किंवा परवानाधारक कन्व्हेयन्सर करतो. इस्टेट एजंट "आमच्या पॅनेलवरची फर्म घ्या" म्हणतो आणि त्याबद्दल त्याला फर्मकडून पैसे मिळतात. तसं सांगायचं बंधन आहे, पण सांगतात बारीक अक्षरात. आम्ही पहिल्या घराला तीच चूक केली. फर्म दुसऱ्याच शहरात, दर फोनला नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी सांगायची.

दुसऱ्या घराला गावातला सॉलिसिटर घेतला. इकडे डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्म्सना घराच्या कामाचे दर संकेतस्थळावर लावावे लागतात, त्यामुळे तुलना सोपी. घर कोलव्हिलच्या बाजूला होतं, जुना कोळशाचा पट्टा. आम्ही काही बोलायच्या आधीच बाई म्हणाल्या, खाणींची चौकशी आधी लावू, बाकीचं नंतर. जमिनीखाली कुठे पोकळी आहे ते कळायला हवं ना.

माणिकमोती

सगळ्यांचे मनापासून आभार. टोकन दिलं नाही. एजंट दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. दुसरी पार्टी बहुतेक गावाला गेली असावी. :)

काळा कोट यांनी सांगितलं तसं केलं. तीन सोसायट्यांत जाऊन "कुठल्या वकिलाने त्रास दिला" असं विचारलं. पहिल्या ठिकाणी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, पण दोन ठिकाणी एकच नाव आलं. त्याखेरीज नवऱ्याच्या ऑफिसमधून एक नाव मिळालं. दोघांकडे जाऊन आले.

ऑफिसवाल्यांनी सुचवलेले वकील बाणेरला, काचेचं केबिन, कॉफी यंत्रातून. मी फाइल पुढे केली तर त्यांनी ती उघडलीच नाही. "काळजी करू नका, रूटीन आहे, कागद रिसेप्शनला द्या, मंगळवारी रिपोर्ट मेल होईल." सगळं मिळून सात मिनिटं.

दुसऱ्या एक वकीलबाई, नारायण पेठेत, वह्यापुस्तकांच्या दुकानाच्या वरती. जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने परत खाली जायचं. वय साठीच्या पुढे. पंखा जोरात होता म्हणून त्यांनी प्रत्येक कागदावर काही ना काही ठेवलं: चष्म्याचं घर, स्टेपलर, अडकित्ता. मी शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स दिली. त्यांनी ती उलटून पाहिली. मागे कोरं.

"मागच्या बाजूची झेरॉक्स?"

मी म्हटलं, मागे काय असतं?

"अगं, पुढच्या बाजूला नाव असतं. ते नाव तिथे आलं कसं, ते मागच्या बाजूला असतं."

संध्याकाळी विकणाऱ्यांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागचा फोटो मागवला. हस्तांतरणाचा तक्ता आहे, त्यात एकच नोंद, २०१४ ची, वडिलांच्या नावावरून यांच्या नावावर, आणि शेऱ्यात लिहिलंय "नामनिर्देशनानुसार". मी बाईंना फोटो पाठवला. त्यांचा उलट एकच प्रश्न आला: "यांना भावंडं किती?"

मला अजून नीट कळलेलं नाही की हे चांगलं की वाईट.

एक_काळा_कोट

वाईट नाही, पण अर्धवट आहे. आणि वकील तुम्हाला मिळाला, आता शोधू नका.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा, नोटिसा कुणाला पाठवायच्या, एवढ्यापुरतं ते नाव. मालकी वारसांची. वडिलांनी फ्लॅट स्वतःच्या कमाईतून घेतला आणि मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि मृताची आई हयात असेल तर तीही, सगळ्यांना सारखा वाटा. लोक इथे लगेच २००५ च्या दुरुस्तीवर घसरतात. ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेबद्दल आहे. बापाच्या स्वकष्टार्जित घरात मुलीचा वाटा १९५६ पासून आहेच.

तेव्हा बहीण असेल तर एक तर तिने विकणार म्हणून दस्तावर सही करायची, नाहीतर आधी भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून ते नोंदवायचं. साध्या कागदावर "माझी हरकत नाही" लिहून दिलं तर ते घेऊ नका, नोटरी असली तरी नको. वारस नक्की किती याबद्दल शंका असेल तर वकील कोर्टाचा वारस दाखलाही मागू शकतात.

ढेपेवाडा

हे सगळं सूची दोनमध्ये दिसायला नको का?

एक_काळा_कोट

कसं दिसेल? सूची दोनमध्ये नोंदवलेला दस्त दिसतो. इथे दस्तच झाला नाही. माणूस वारला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला, सेक्रेटरीने सर्टिफिकेटच्या पाठीवर सही केली. सरकारी नोंदीत फ्लॅट अजून वडिलांच्याच नावावर आहे. ई-शोध करणाऱ्याला "१९९१ नंतर काहीच व्यवहार नाही, स्वच्छ आहे" असं वाटेल.

विकलं_एकदाचं

विकणाऱ्यांच्या बाजूनेही दोन शब्द, कारण धाग्यात त्यांची बाजू घेणारं कुणी दिसत नाही. मी गेल्या वर्षी आईचं डोंबिवलीचं घर विकलं. मला वाटलं वकील खरेदीदाराने करायचा, आपण फक्त सही करायची. खरेदीदाराच्या वकिलाने मसुद्यात घातलं होतं की ताबा करारनाम्याच्या दिवशी आणि बँकेची रक्कम "मंजुरीनंतर". म्हणजे मी चावी देऊन बसायचं आणि बँकेची वाट बघायची. माझ्या चुलत्यांनी जबरदस्तीने एका वकिलाकडे नेलं, त्यांनी दोन ओळी बदलल्या: पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय ताबा नाही, आणि ठरलेल्या मुदतीत कर्ज आलं नाही तर काय, तेही. प्रत्यक्षात कर्ज अडीच महिने लांबलं. चावी माझ्याच खिशात होती म्हणून झोप लागली.

माणिकमोती

दोन महिन्यांनी परत आलेय. तपशीलवार लिहिते, कुणाला उपयोग होईल.

भावंडं: एक बहीण, नागपूरला. आई तर वडिलांच्याही आधी गेलेल्या, मृत्युपत्र नाही. म्हणजे निम्मा फ्लॅट ताईंचा. आणि खरी गंमत अशी की भाऊ फ्लॅट विकतोय हे ताईंना माहीतच नव्हतं. वकीलबाईंनी हे विकणाऱ्यांना फोनवर इतक्या साध्या आवाजात विचारलं, "तुमच्या बहीणबाई सहीला पुण्याला येतील ना?" की समोर बराच वेळ शांतता.

मग महिनाभर महाभारत. विकणारे आमच्यावर चिडले की तुम्ही घरात भांडण लावलं. एजंट म्हणाला, मी आधीच सांगत होतो. सासरेसुद्धा म्हणाले, सोड, दुसरा बघू. मीही एकदा रडले, कारण चिंचेचं झाड. बाई म्हणाल्या, "थांब. भाऊ-बहिणीला बोलायला वेळ लागतो. त्यांनी ठरवलं नाही तर आपण नाही घ्यायचा, ठरवलं तर दोघांकडून घ्यायचा." मधल्या काळात त्यांनी १४ दिवसांची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात दिली आणि १९९१ पासूनचा शोध घेऊन टाकला. जुनं दप्तर बघायला त्या स्वतः गेल्या होत्या. अहवाल माझ्या नावाने आला, अकरा पानांचा, त्यातली साडेतीन पानं मला कळली.

शेवटी ताई तयार झाल्या. हक्कसोडपत्र मात्र करणार नाही म्हणाल्या, निम्मे पैसे माझ्या खात्यात आले पाहिजेत. (मनातून टाळी वाजवली.) तेव्हा विकणार दोन आणि रकमाही दोन खात्यांत. टीडीएसचं (किमतीतून कापून सरकारला भरायच्या कराचं) नवऱ्याला वाटलं की प्रत्येकी ४६ लाख म्हणजे ५० लाखांच्या मर्यादेच्या आत, कापायला नको. बाई म्हणाल्या, एकूण किंमत बघायची, दोघांचा वेगवेगळा एक टक्का कापायचा.

आणखी एक गोष्ट, जी मला एजंटने कधीच सांगितली नसती. आम्ही दोघांच्या नावाने घेणार होतो. बाईंनी विचारलं, नवऱ्याचं नाव कशासाठी? पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, खरेदीदार एकटी बाई असेल तर सहा. एका पुरुषाचं नाव घातलं की ही सवलत जाते. ९२ लाखांवर सरळ ९२ हजारांचा फरक. बँकेने नवऱ्याला सहकर्जदार घेतलं, फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर. नोंदणी फी कमाल मर्यादेची, ३० हजार. बाईंची फी शोधाचा खर्च धरून २८ हजार झाली, पावतीसकट. हिशोब तुम्हीच करा. नवरा याही बाबतीत तटस्थ होता, पण आता सगळ्यांना सांगत फिरतो की आयडिया त्याची.

नोंदणीचा दिवस. हवेलीच्या दुय्यम निबंधकांच्या ज्या कार्यालयात गेलो तिथे आमचा नंबर दुपारी लागला. ताई नागपूरहून रात्रीच्या गाडीने आलेल्या. भाऊ एका बाकावर, त्या दुसऱ्या बाकावर, मध्ये आमचा मुलगा दोघांकडची बिस्किटं खात. ऑपरेटरने नोंदणीपूर्व गोषवारा छापून हातात दिला, "वाचा आणि सही करा" म्हणाला. मागे रांग, सगळे घाईत. मी सही करायला पेन उघडलं. बाईंनी माझं मनगट धरलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागल्या. सदनिका क्रमांक १७ च्या जागी ७ पडलं होतं.

ऑपरेटर म्हणाला, मॅडम, एक आकडा आहे, नंतर चूकदुरुस्ती करता येते. बाई म्हणाल्या, "करता येते. पण त्याला दोघं विकणारे परत लागतात." आणि दोन्ही बाकांकडे पाहिलं. त्याने मुकाट्याने दुरुस्त केलं.

अंगठे, फोटो, ओळख देणारे दोघं, झालं. बाहेर आल्यावर टपरीवर चहा घेतला. भाऊ-बहीण वेगवेगळ्या रिक्षांनी गेले, पण जाताना भावाने ताईंची बॅग उचलून त्यांच्या रिक्षात ठेवली.

जुनापुणेकर

अभिनंदन! चिंच लागली की सांगा.

मांडवीकाठ

अभिनंदन गं. ताईंबद्दल वाचून बरं वाटलं. मावसभावाला हा धागा पाठवलाय, अजून निळी खूण आलेली नाही.

ढेपेवाडा

काल रात्री कपाटातून आमचं शेअर सर्टिफिकेट काढून उलटून पाहिलं. मी २०१८ मध्ये घेतलेल्याचं नव्हे, ते ठीक आहे. वडिलांच्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटचं, जिथे मी राहतो. वडील २०११ मध्ये गेले. मागची बाजू पूर्ण कोरी आहे, पुढे अजून त्यांचंच नाव. आम्ही तीन भावंडं, एक अमेरिकेत.

माणिकमोती, त्या नारायण पेठेतल्या बाईंचा नंबर व्यनि करता का?